भोंग्याचा संध्याकाळचा आवाज

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करतो. जन्मला तेव्हा असा काही रडला, की सुईण कानांत बोटं घालून बसली. तेव्हापासून तो भोंगा. खरं नाव शाळेच्या दाखल्यातच राहिलं बिचारं.

आवाज मात्र खणखणीत. सकाळी त्याने "फलाट क्रमांक चारवर" म्हटलं की पेंगणारा प्रवासी पिशवीसकट उभा राहायचा, मग ती त्याची गाडी असो वा नसो.

गेल्या वर्षी हाच आवाज संध्याकाळचा बिघडायला लागला. दिवे लागायच्या सुमारास शब्द नाकातून यायचे, एकात एक मिसळायचे. डावी पापणी अर्ध्यावर. जेवताना जबडा इतका दमायचा, की हनुवटीला हात लावून घास चावायचा. आता तुम्हीच सांगा, जड जीभ, मिटलेला डोळा आणि संध्याकाळची वेळ! लोकांना काय, निकाल लावायला एवढं पुरतं.

"आज लवकर बसलात वाटतं," चौकशीच्या खिडकीवरची बाई म्हणायची.

घरी आला की त्याची बायको, म्हणजे माझी सून, दारातच उभी. "तोंड उघडा."

"अगं, चहा प्यालोय फक्त."

"चहाने जीभ अशी लोळत नाही."

पुढचं भांडायला बिचाऱ्याच्या तोंडात शब्दच उरायचे नाहीत. मग ती म्हणायची, "बघा, उत्तर नाही!"

शेवटी स्थानकप्रमुखांनी त्याला बोलावून सांगितलं, "महिनाभरात सुधारा, नाहीतर माईक दुसऱ्याकडे. तुम्ही गोदामात पार्सलं मोजा." भोंग्याला गोदामात टाकायचं म्हणजे माशाला माळ्यावर ठेवायचं. शिवाय दारुड्या म्हणून शिक्का बसला असता तो वेगळाच.

मग डॉक्टर सुरू झाले. पहिले म्हणाले, थकवा आहे, टॉनिक घ्या. दुसरे म्हणाले, काळजी फार करता. दोष त्यांचा एकट्यांचा कसा म्हणू? आमचं शहाणपण ऐका. डॉक्टरकडे जायच्या दिवशी याला रजा. उशिरापर्यंत झोपू द्यायचं, वाटेत बोलू द्यायचं नाही, "घसा जपा". आणि सकाळी दहाला, इस्त्रीच्या दुकानातून सोडवून आणलेल्या शर्टासारखा कडक भोंगा डॉक्टरसमोर उभा करायचा! तो असा "नमस्कार!" म्हणायचा, की डॉक्टर आम्हालाच विचारायचे, "पेशंट कोण?"

सून परतीच्या वाटेवर एवढंच म्हणायची, "म्हणजे मीच बरोबर होते."

तिसऱ्या खेपेला मोठ्या इस्पितळात नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांना नेमकं तातडीने वॉर्डात जावं लागलं. आम्ही बाकावर. शेजारच्या आजींनी भोंग्याचा आवाज ओळखला. "तूच का रे तो फलाट चारवाला? म्हण की जरा!" झालं. सगळा बाक गोळा झाला. मीही सोडते होय? "अरे, रात्रीच्या मुक्कामी गाड्या राहिल्या, त्या घे." पठ्ठ्याने अख्खं वेळापत्रक म्हटलं, वर लोकांच्या फर्माइशी.

आमचा नंबर आला तेव्हा जीभ पार लोळत होती. दोन्ही पापण्या खाली.

सून पिशवी उचलून उभी. "मावशी, घरी चला. या अवतारात आत नेलं तर त्या काय समजतील?"

भोंग्यानेही मान हलवली.

"काय समजायचं ते समजू देत," मी म्हटलं. "आजवर सगळ्यांना सकाळचा भोंगा दाखवला. आजारी आहे तो संध्याकाळचा!" आणि दिला पाठीत धक्का.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "किती वेळ बोलत होते?"

"तासभर तरी."

"बरं झालं." त्यांनी त्याला वर छताकडे बघायला लावलं. पापण्या दुकानाच्या शटरसारख्या हळूहळू खाली आल्या. मग नर्सने रबरी हातमोज्यात बर्फ घालून आणला आणि डाव्या पापणीवर धरला. थोड्या वेळाने काढला, तर डोळा सताड उघडा!

"अय्या!" सून म्हणाली. मग हळूच, "डॉक्टर, लोक म्हणतात हे पितात."

"तुम्हाला वास आला कधी?"

"नाही."

"मग?" बाईंनी समजावलं, "शरीराची जी फौज जंतूंशी लढते, तीच चुकून नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप अडवते. विश्रांती मिळाली की निरोप पोचतो, वापरून स्नायू दमले की अडतो. रक्त, नसांची तपासणी, छातीचं स्कॅन करू, म्हणजे पक्कं कळेल. पण गिळता आलं नाही किंवा दम लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. तडक या."

तपासण्यांत तेच निघालं. आजाराचं नाव मायस्थेनिया. गोळ्या सुरू झाल्या.

स्थानकप्रमुखांकडे सून स्वतः गेली. "हे पीत नाहीत, आजारी आहेत. यांना सकाळची पाळी द्या."

"आजारी दिसत तर नाहीत."

"संध्याकाळपर्यंत बसा साहेब, दिसतील."

सकाळची पाळी मिळाली. आवाज दुपारपर्यंत छान टिकतो. एखादा दिवस टिकत नाही, मग दुसरा कुणीतरी माईक धरतो. लोकांचं म्हणाल, तर चौकशीवाली बाई परवाच म्हणाली, "बरं झालं हो, गोळ्यांनी सुटली एकदाची!"

सून तिथल्या तिथे तिच्यावर तुटून पडली. भोंगा म्हणाला, "जाऊ दे गं."

"तुम्ही गप्प बसा, आवाज राखून ठेवा," ती म्हणाली. "हे मी बोलते."