तिच्या जागी धाकटी

व्हिएन्नाच्या राजवाड्यात गाइड सांगत होता, "थोरल्या राजकन्येचं लग्न ठरलं आणि ती देवीच्या साथीत गेली. मग त्याच राजाला धाकटी दिली." चित्रातली धाकटी जेमतेम पंधराची दिसत होती. लोक फोटो काढत होते. मी चिडून विचारलं, "तिला कुणी विचारलं होतं?"

"मॅडम, प्रश्न राज्याचा होता."

माझ्या अंगाची आग झाली. आमच्याकडे कुठलं राज्य होतं? दोन एकर जिरायत जमीन होती. तरी मावशी बाळंतपणात गेल्यावर आजोबांनी महिन्याभरात माझ्या आईला तिच्या जागी उभं केलं. लग्नानंतरही आईच्या तोंडून वडिलांना चुकून 'भावोजी' निघायचं, आणि त्यासाठी तिनं सासूच्या हातचा मार खाल्ला.