पांढऱ्या वांग्याचं बी

सव गावच्या सुंदराबाईच्या घरातून गळका डबासुद्धा कधी बाहेर पडत नसे. डालड्याचे डबे, रॉकेलचे पत्र्याचे डबे, करवंट्या, सगळं मागीलदारी जमायचं. भातझोडणी उरकली की डब्यांच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडून, माती नि शेणखत भरून ती त्यात वांग्याचं बी टाकायची. जमिनीत टाकलं तर कोंबड्या उकरणार.

बी तिच्या आईचं होतं. पोलादपूरच्या डोंगरातली माहेरची पांढरी वांगी. आई गेली तेव्हा राखेत घोळलेल्या बियांची एक पुरचुंडी तेवढी हिच्या हाती आली. धाकटी जाऊ राहीबाई दर वर्षी चिमूटभर मागे आणि ही दर वर्षी तिला वाटेला लावी. "तुझ्या हाताला गुण नाय गो!" खरं तर नुसता कंजूषपणा होता.

अठ्ठ्याहत्तर साली थंडी अशी पडली की पंधरा दिवस झाले तरी कोंब दिसेना. पुरचुंडी तर पार रिकामी. सुंदराबाईच्या तोंडचं पाणी पळालं. मग तिला गावचा गरम झरा आठवला. तिने डबे उचलले नि झऱ्याशेजारच्या उबदार जमिनीवर नेऊन मांडले. चौथ्या दिवशी हिरवे कोंब! बाईचा आनंद गगनात मावेना. त्या भरात विहिरीवर जायचा तिने कंटाळा केला आणि झऱ्याचंच पाणी निववून रोज रोपांना घातलं. त्यात अंघोळ करून माणसांच्या अंगाला गुण येतो, तर रोपांना का नाही येणार? ते खारट आहे हे लहान पोरालाही कळलं असतं. आठवड्यात सगळी रोपं करपली.

डब्यांपुढे बसून ती खूप रडली. आई पुन्हा एकदा गेली असं तिला वाटलं.

संध्याकाळी राहीबाई आली. पदराखाली करवंटी, आणि करवंटीत बोटभर उंचीची पाच रोपं.

"अक्का, रागवू नको. तू पेरीत व्हतीस तवा चिमूटभर बी चोरलं मी. चुलीमागच्या भिंतीला बाहेरून टेकवून ठेवलेलं."

एरवी सुंदराबाईने आळी डोक्यावर घेतली असती. तिने करवंटी छातीशी धरली, नाक पुसलं.

"चोरटी मेली," ती म्हणाली. "दोन तुझी, तीन माझी."

पुढे दर मार्गशीर्षात ती बियांची पुरचुंडी जावेच्या ओटीवर उघडून ठेवी आणि मुद्दाम पाठ फिरवून बसे.

"घे गो. मी बघत नाय."