जपानी भाऊचे शुभेच्छुक

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि रूपाली मॅडमने मला स्क्रीनवर दाखवलं की मी खोटा आहे.

आधी काम सांगतो. मॅडमचं ऑफिस नागपूरच्या जरीपटक्यात, मोबाइलच्या दुकानावर. एखाद्या नावाजलेल्या माणसाला इंटरनेटवर किती लोक मानतात, ते मोजून द्यायचं. मॅडमला फुटबॉल कळणारा चेकर पाहिजे होता. मी चौथी शिकलो, पण गिरणीच्या टीमचा फुलबॅक, समोरच्याचा बॉल अडवणारा. कॉमेंट वाचायच्या, खऱ्या ठेवायच्या, खोट्या काढायच्या. वाचणं जमते. लिहिताना बोट अडकते.

त्या वेळी जपानचा एक निवृत्त मिडफिल्डर मोजायचा होता. बुटाची एक कंपनी त्याला भारतात आणणार होती. कोणत्या शहरात त्याला जास्त मानतात, हे तिला पाहिजे होतं. मी आधीच सांगून टाकलं, नागपूर. आम्ही जुने खेळाडू त्याला जपानी भाऊ म्हणतो. त्याच्या वाढदिवसाला त्याच्या पेजवर, चौकातल्या बॅनरवर असते तसंच टाकतो : 'जपानी भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक : समस्त जुने खेळाडू, जरीपटका.' मजकूर एकाने बनवला, बाकीच्यांनी तोच चिकटवला.

इथंच अडलं. एकच मजकूर बऱ्याच खात्यांवरून आला की कॉम्प्युटर त्याला बॉट धरतो. बॉट म्हणजे माणूस नाही, मशीन. आमची सगळी टीम त्याने लाल केली, म्हणजे खोटी. नागपूर साफ.

"काका, नियम आहे," मॅडम म्हणाली.

"मी तुमच्यासमोर चहा पिऊन राहिलो. मशीन चहा पिते का?"

"तुम्ही खरे. बाकीचे कशावरून?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून जास्त राग आला. मी अडून बसलो. रिपोर्ट जाऊ देत नाही म्हटलं. मॅडम म्हणाली, प्रत्येकाने जपानी भाऊच्या खेळाबद्दल आपल्या शब्दांत दोन ओळी लिहाव्या, मग मोजते. मी म्हटलं, "लिहिता येत असतं तर चिकटवलं काहून असतं? बोलून पाठवतील."

तिने घड्याळ पाहिलं. "संध्याकाळपर्यंत."

मी ग्रुपवर ओरडलो आणि व्हॉइस मेसेज सुरू झाले. खाप्याचा देवराम, आमचा गोलकीपर, म्हणाला, "त्यानं पास दिला का समोरच्याले धावा लागत नाही गा. बॉल पायाशी येऊन उभा राहते." दुसऱ्याने जपानी भाऊची चुकलेली पेनल्टी काढून शिव्या घातल्या. मॅडमने तोही खरा धरला. शिव्या देणारा माणूसच असते.

मग माझा साळा. "मले का माहीत हा कोण आहे? भाऊजी म्हणाले पाठव, पाठवलं."

मॅडम हसू दाबून माझ्याकडे पाहत राहिली. मी माऊस ओढला आणि साळ्याला माझ्या हाताने लाल केलं. बाकी टीम हिरवी.

रिपोर्ट गेला. कंपनीने कार्यक्रम कोलकात्याला ठेवला. जाऊ द्या, तिथं माणसंच जास्त. पण रिपोर्टात नागपूर होतं आणि त्यात एकही उसना माणूस नव्हता, हे मी छाती ठोकून सांगतो. मोजणाऱ्याने तपासणी आपल्या घरापासून सुरू करावी. साळा बोलणं बंद करते, तेवढं सोसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, मोबाइल घेऊन बसलो. चिकटवलं नाही. एकेक अक्षर शोधून जपानी भाऊच्या पेजवर टाकलं : 'तुमचा पास भारी. पण समोर मी असतो तर अडवला असता.'