कवेलू काढून घेतलेला उजेड

आमच्या साडूंइतका भित्रा माणूस सबंध यवतमाळ जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतका अचाट उद्योगही त्या जिल्ह्यात दुसऱ्या कोणी केला नाही. या दोन गोष्टी एकाच देहात कशा नांदत, हे मला त्यांच्या सहवासात इतकी वर्षं काढूनही कळलं नाही. मोटारीत बसले की ब्रेक शाबूत आहेत का हे ड्रायव्हरला विचारायचे, आणि तो "हो" म्हणाला तर जास्तच घाबरायचे, कारण "इतक्या लवकर हो म्हननारा मानूस पाहून सांगत नसते, मास्तर." आभाळ स्वच्छ असलं तरी हातात छत्री. आभाळ भरून आलं तर छत्री घरी, कारण वीज लोखंडी काडीवर पडते असं त्यांनी कुठंसं वाचलं होतं. कुलूप लावून निघालेला हा माणूस वाटेतून दोनदा परत यायचा. एकदा कुलूप पाहायला, आणि एकदा पहिल्या खेपेला नीट पाहिलं होतं का ते पाहायला.

अशा माणसाला पोटासाठी नोकरी मिळाली ती सरकारी प्रसिद्धीच्या गाडीवर. गाडीत सिनेमा दाखवायचं मशीन, पडदा आणि सरकारी माहितीपटांचे डबे. गावोगाव जायचं, शाळेच्या भिंतीवर पडदा लावायचा आणि लोकांना देशाची प्रगती दाखवायची. ही प्रगती मीही अनेकदा पाहिली आहे. तिच्यात धरणं असत, खतं असत, आणि फीत कापणारे हात तर इतके असत की देशात कात्र्यांचा तुटवडा कसा पडला नाही याचं मला नवल वाटे. सोबतचं निवेदन अशा हिंदीत असे, की ती ऐकून घाटंजीच्या बाजारातला माणूस हात जोडून गप्प बसे. साडूंना याची काळजी वाटू लागली. लोकांना कळत नाही, आणि कळत नाही म्हणून ते उठून जातात, आणि उठून गेले तर वर कळेल! म्हणून त्यांनी आवाज बंद करून स्वतःच बोलायला सुरुवात केली. "हे पाहा, सायेब आले. आता फीत कापतीन. कैची बोथी दिसून राह्यली, बाप्पा... नाई, कापली. हे मांगचे लोक टाळ्या कायले वाजवून राह्यले थे त्याईलेबी मालूम नाई." लोक पोट धरधरून हसायचे. नेरच्या बाजूला तर म्हणे लोक धरण पाहायला नव्हे, साडूंना ऐकायला बैलगाड्या जुंपून यायचे.

एके दिवशी गर्दीत एक वरचे अधिकारी बसलेले निघाले. खेळ संपल्यावर त्यांनी साडूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसत निघून गेले. झालं. ते का हसले, यावर साडूंनी आठवडाभर विचार केला आणि आपल्याला काढून टाकणार या खात्रीने स्वतःच राजीनामा दिला. पुढे कळलं की साहेबांना तो प्रकार फार आवडला होता. पण तोवर साडू स्वतंत्र झाले होते. हिंदुस्थानात काही लोक तत्त्वासाठी स्वतंत्र झाले, आमचे साडू धास्तीने झाले.

स्वतंत्र झालेल्या माणसाने पानाची टपरी टाकावी, शिकवण्या घ्याव्यात. यांनी यवतमाळला एका निवृत्त होऊन गावी निघालेल्या जंगल खात्याच्या साहेबाकडून सिनेमा काढायचा चावीचा कॅमेरा घेतला. चावी पिळली की तो अर्धा मिनिट घरघरायचा आणि थकायचा. आवाज टिपायची सोय नव्हती. "मुका आहे," साडू म्हणाले, "पन पाहाले चांगला आहे."

"आणि काढणार काय याच्याने?" मी विचारलं.

"माय."

"कोणाची?"

"माहीच. सरकार सगळ्याईच्या माया थोडीच काढते, मास्तर? आपली आपुनच काढा लागते."

यामागे एक दुखणं होतं आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. साडूंचे थोरले भाऊ वणीला कोळशाच्या खाणीत लागले होते. जाताना मायने त्यांना अडवलं होतं. "जमिनीच्या खाली मेल्यावर जाचं असते, जित्तेपनी नाई," ती म्हणाली होती. थोरल्यांनी ऐकलं नाही, तेव्हा तिने रागात शेवटचं सांगितलं, "खाली जाशीन तं माह्या दारात येजो नोको." माय बोलली ते रागात, थोरल्यांनी धरलं ते अक्षरशः. तेव्हापासून ते घाटंजीला घरी आले नव्हते. मायही बोलावत नव्हती. मात्र वणीकडची मोटार आली की ती काठी टेकत स्टँडवर जायची आणि कंडक्टरला विचारायची, "खानीत काई झालं तं नाई ना, बाबू?" कंडक्टर म्हणायचा, "काई नाई, बुढीमाय." मग ती परत यायची. त्या हिवाळ्यात तिचा दमा बळावला आणि स्टँडपर्यंत जाणं बंद झालं. डॉक्टरांनी साडूंना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. ज्या माणसाला डॉक्टर "ठीक आहे" म्हणाले तरी झोप येत नसे, त्याला बाजूला नेऊन सांगितल्यावर काय झालं असेल याची कल्पना करा. दादा येत नाही, माय जाऊ शकत नाही. तेव्हा मायला डब्यात भरून वणीला न्यायचं, असा तो बेत होता.

कच्ची, म्हणजे कोरी, फिल्म आली आणि आमच्या मेव्हणीच्या घरातली शांती गेली. फिल्मला उष्णता चालत नाही, आणि आमच्याकडे फाल्गुनातच उन्हाचे चटके बसू लागतात. साडूंनी डबे नागवेलीच्या पानांसारखे ओल्या फडक्यात गुंडाळले आणि पाण्याच्या रांजणाशी ठेवले. मग ओल लागेल म्हणून काढले. मग ऊन लागेल म्हणून ठेवले. मेव्हणी म्हणाली, "लेकरं झाली तवा एवढं केलं असतं तं मी नशीबवान म्हनली असती."

खरी अडचण उजेडाची होती. मायचं सगळं आयुष्य चुलीपुढे गेलेलं, आणि चूल घराच्या सगळ्यात काळोख्या कोपऱ्यात. साडू म्हणाले, चुलीशिवाय माय काढली तर ती माय वाटणारच नाही, पाहुणी वाटेल. वीज तर आमच्या त्या आळीत नव्हतीच. शेवटी त्यांनी उपाय काढला तो असा की चुलीवरच्या छपराची कवेलू काढायची. कवेलू काढायला वर कोणी चढायचं? साडूंना उंचीची भीती. एका शिकलेल्या माणसाने हायस्कुलात इतिहास शिकवून नंतर साडूच्या छपरावर चढून कौलं उतरवावीत, हे माझ्या पत्रिकेत कुठं लिहिलं होतं कोणास ठाऊक.

माय खाली बसून हा सोहळा पाहत होती. "फोटू तं मानूस मेल्यावर भिंतीले लावाले काढतेत. म्या मरून राह्यली का?"

"मुकी राह्य थोडी, माय. अन् इकडे पाहू नोको. रोजच्यासारखी भाकर कर."

"रोजच्यासारखी कशी करू? रोज डोक्यावर मास्तर असते का?"

सुरुवातीचे काही दिवस साडूंनी रिकामाच कॅमेरा फिरवला, मायला सवय व्हावी म्हणून. मायला सवय झाली, साडूंना झाली नाही. खरी फिल्म घातली तेव्हा चावी पिळताना कॅमेरा हलेल या धास्तीने त्यांनी तो पाट्यावर ठेवून वरवंट्याने टेकवला. मग मायने पीठ मळलं, भाकर थापली, तव्यावर पाणी फिरवलं. वरच्या भोकातून उन्हाचा झोत तिच्या हातांवर पडला होता आणि धूर त्यातून वर, ढगांवर नजर ठेवायला छपरावर बसवलेल्या माझ्याकडे येत होता. मी तिला इतकी वर्षं पाहत होतो, पण तिचे हात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. शेवटच्या चावीला तिने साडूंचा नियम मोडला. मान वर केली, थेट कॅमेऱ्यात पाहिलं आणि एक वाक्य बोलली. ते साडूंनी ऐकलं, छपरावरून मीही ऐकलं. कॅमेऱ्याने ऐकलं नाही. ते वाक्य काय होतं ते पुढे सांगतो.

फिल्म धुवायला मुंबईला गेली. पार्सलवर साडूंनी "उजेडात उघडू नये" असं मराठी, हिंदी, इंग्रजी आणि खबरदारी म्हणून उर्दूत लिहून घेतलं. मग वाट पाहणं सुरू झालं. फिल्म काळी आली तर? पांढरी आली तर? दुसऱ्याच कोणाची माय आली तर? तोवर कवेलू लावायची नाहीत असं त्यांनी जाहीर केलं, कारण पुन्हा काढायची वेळ आली तर? त्यामुळे माय आठवडेच्या आठवडे उघड्या आभाळाखाली भाकरी करत होती, आणि ढगाचा एखादा पांढरा पुंजका जरी दिसला तरी साडू ताडपत्री घेऊन अंगणात धावत होते. रात्री तिच्या खोकल्याचा आवाज आला की ते उठून बसत. मेव्हणी सांगायची, ते मायच्या पायाशी जाऊन नुसते श्वास ऐकत बसतात म्हणून.

फिल्म आली, आणि बरी आली होती! साडूंनी जुन्या ओळखीने मशीन मिळवलं आणि मला घेऊन वणी गाठली. खाणीच्या वस्तीत वीज होती. भिंतीवर धोतर ताणलं. पाळी सुटून आलेली माणसं अंगणात बसली, थोरले मागे भिंतीला टेकून उभे राहिले. आम्हाला पाहून त्यांनी "आले का?" एवढंच म्हटलं होतं. साडूंनी पडद्यासोबत बोलायचं निवेदन पाठ केलं होतं. मोटारीत ते माझ्या कानाशी सारखं पुटपुटत होते. त्यात मातृप्रेम होतं, त्याग होता, एक संस्कृत श्लोकही होता. मला फक्त एकच धास्ती होती. श्लोक सुरू होईल आणि थोरले उठून जातील.

मशीन घरघरलं. धोतरावर माय आली. साडूंनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. मंत्र्यांवर, धरणांवर, खतांवर अखंड बोललेला माणूस, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. अंगणात नुसती मशीनची घरघर. पिठाचे हात, तवा, धुरातला तो उजेड. पुढून कोणीतरी म्हणालं, "कोनाची माय होय रे?"

मग मागून आवाज आला, "माही."

शेवटची चावी आली. मायने मान वर केली, सरळ त्या अंगणाकडे पाहिलं, ओठ हलले आणि पडदा पांढरा झाला.

थोरले पुढे आले. "काय म्हनून राह्यली थे?"

साडू मशीनची वायर गुंडाळू लागले.

"अबे सांग ना! मंत्र्याईचं सांगत फिरत होता गावोगाव. मायचं सांगाले जीभ काहून अडकली?"

साडू कसेबसे म्हणाले, "तिलेच इचार, दादा."

परतीच्या मोटारीत मी त्यांचं अभिनंदन केलं. म्हटलं, भाऊजी, काय नेमका डाव टाकलात! तेव्हा ते रडवेले होऊन म्हणाले, "डाव कायचा, मास्तर? भेव लागला. एक शब्द चुकला असता अन् दादा उठून गेला असता तं? त्याच्यापरीस मुकं राह्यलेलं बरं." मग काही वेळाने, "ह्या मोटारीचे ब्रेक पाह्यले का तुमी?"

पुढच्या सुटीच्या दिवशी थोरले घाटंजीला आले. मीही होतो. ते आले, पण दारात पाऊल ठेवेनात. मायने दारात येऊ नको म्हटलं होतं ना! अंगणातूनच त्यांनी विचारलं, "माय, शिनेमात काय म्हनत होती तू?"

आतून खोकल्याचा आवाज आला, मग मायचा. "मले काय आठवते, बाप्पा? जेवला का?"

साडूंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. माय उठून बाहेर येईना, थोरले आत जाईनात. एवढ्यात त्यांची नजर छपरावर गेली. भोक तसंच होतं. त्यांनी शिडी ओढली, वर चढले, आणि भोकाशी उकिडवे बसून खाली चुलीकडे पाहिलं. माय खालून वर पाहत होती. तो उजेडाचा झोत दोघांच्या मध्ये होता.

"माय, लावले तं अंधार पडन खाली. लावू?"

"लाव," माय म्हणाली. "अन् मंग खाली ये. भाकर निवून राह्यली."

ते खाली आले आणि दारातूनच आत गेले. साडू मात्र बाहेर उभं राहून बडबडत होते, शिडी नीट लावली का, वरचं एखादं कवेलू सैल तर नाही ना. मी त्यांना म्हटलं, आता पुरे.

माय त्यानंतर दोन पावसाळे होती. छप्पर गळलं नाही. साडूंनी पुन्हा चित्रपट काढला नाही. विचारलं की म्हणत, "एवढी काळजी मले पुन्हा झेपाची नाई." घरात लग्नकार्य असलं, की वीज आलेल्या कोणा नातेवाइकाकडे ती फिल्म लागायची. बाकीच्या फिल्मवर साडू धबधब्यासारखे बोलत. शेवटच्या चावीला मात्र दरवेळी गप्प होत. लहान मुलं विचारत, आजी काय म्हणते? थोरले सांगत, "मले जेवाले बलावते."

मी त्या दिवशी छपरावर होतो. मायचं खरं वाक्य मला पाठ आहे. ती म्हणाली होती, "आता हे कवेलू कोन लावीन? थोरला असता तं कवाच लावून झाले असते." साडूंनाही ते पाठ होतं, पण आम्ही दोघांनी ते कधी कोणाला सांगितलं नाही. आता साडूही नाहीत, आणि मशीनही अडखळत चालतं. माय मान वर करते, ओठ हलवते. एखादं नवं लेकरू मांडीवर बसून विचारतं, आजी काय म्हणते, आणि मीही सांगतो, जेवायला बोलावते.