भलती कॅसेट

“तिला उंबऱ्याबाहेरच बसू दे, तिथूनबी दिसायलाय समदं,” काकू माझ्या चुलतबहिणीच्या कानाशी लागून म्हणाली.

ते मला ऐकू आलं. उंबऱ्याबाहेरच्या बाईलाही आलं असणार, कारण तिनं मांडीवरचं सूप जरा मागं घेतलं आणि हरभऱ्यातले खडे निवडत राहिली.

चुलतबहिणीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. काकांनी पूर्ण्याहून भाड्याचा व्हीसीआर आणवला होता. दुपारची जेवणं उरकल्यावर खिडक्यांना सतरंज्या लावून माजघरात अंधार केला. देवीचा सिनेमा लावायचा होता. खोक्यावर देवीचंच चित्र होतं, पण आत भलतीच कॅसेट निघाली. पडद्यावर एक राखाडी सडक आली, कडेला उलटलेल्या मोटारी, आणि पाठीवर रेडिओ बांधून चाललेला एक म्हातारा गोरा माणूस.

“ही कोनती देवी म्हनायची?” चुलतबहीण म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

कुणी बंद करा म्हणायच्या आत बाजेवर बसलेले काका म्हणाले, “राहू द्या. आपल्या घरात मॅडम हाय ना! इतकी वर्षं हैदराबादेत इंग्रजी शिकली, ते कधी कामाला यायचं? सांग गं, काय म्हनायलेत ते.”

मग मी सांगायला लागले. चारचौघांत बोलायची मला सवय नव्हती, आणि माझ्या मराठीला तर घरात सगळेच हसत. आदल्याच दिवशी विहिरीवरची मोटर बंद पडली, तेव्हा ओसरीवर येऊन मी सांगितलं होतं, “मोटर जाळली.” काका खोकला येईपर्यंत हसले होते. “कुनी जाळली गं? आपल्यावर कुनाचा डूख हाय का? जळाली म्हनावं, मॅडम. मोटर आपली आपन जळती.” इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द चालतो. मराठीत काना एका अक्षरावरून दुसऱ्यावर जातो, एवढंच. मी तो चुकते, असं घरात ठरून गेलं होतं.

सिनेमात काही घडतच नव्हतं. जग संपलं होतं. कशानं, ते कुणी सांगत नव्हतं. म्हातारा प्रत्येक गावाच्या तोंडाशी थांबायचा, रेडिओ लावायचा. त्यातून नुसती खरखर यायची. त्या खरखरीला तो आपलं नाव सांगायचा, थोडा वेळ थांबायचा आणि पुढं निघायचा.

“मानसं कुठं गेली समदी?” चुलतबहिणीनं विचारलं.

“मेली.”

“समदीच? मंग ह्याचं लगीन कसं व्हावं?”

“तुला लग्नाबिगर काई सुचंना झालंय,” काकू म्हणाली. “गानं तरी हाय का न्हाई गं ह्यात?”

तो मी आधी पाहिलेला नव्हता, तरी नाही म्हणाले. सिनेमा मला आवडत होता का, ते आता सांगता येत नाही. त्या वर्षांत मला कशाचंच फारसं काही वाटत नसे. वाक्य कानावर आलं की मी ते पुढं देत होते, ओळीनं उभं राहून घागरी पुढं द्याव्यात तसं.

मग एका गावात म्हाताऱ्याला एक बाई भेटली. सगळं गाव काळं पडलेलं, तिचं एकच घर उभं. ती रोज सकाळी ढीगभर कप धुवायची, पुसायची आणि फळीवर ओळीनं पालथे मांडायची. म्हातारा काही न विचारता दाराशी बसून बघायचा. एके दिवशी त्यानंही फडकं घेतलं आणि तिच्याबरोबर कप पुसू लागला.

“येकटी बाई, येवढे कप कशाला घासायली?” काकूनं विचारलं.

“शेजाऱ्याचे असतेल,” उंबऱ्याबाहेरून आवाज आला.

आम्ही सगळ्यांनी तिकडं पाहिलं. तिनं सूप बाजूला ठेवलं होतं. एक हात चौकटीवर ठेवून ती पडद्याकडे बघत होती.

म्हाताऱ्यानं विचारलं, इथं काय झालं? बाईनं हातातला कप न थांबता पुसत उत्तर दिलं. तीनच शब्द होते. त्यांनी हे जाळलं.

“काय म्हनली?” काकूनं विचारलं.

“सगळं जळालं, म्हणाली.”

ते माझ्या तोंडून आपोआप आलं. घरात दहा वर्षं तोच शब्द होता.

“आपल्या आपन?” उंबऱ्याबाहेरची बाई म्हणाली.

काकूनं पडद्यावरची नजर काढली नाही. “आगीला काय लागतंय? येक ठिनगी पुरती. चूल इझवावी मानसानं, मंग घराबाहेर पडावं.”

“मी इझवली व्हती, मालकीनबाई.” तिच्या आवाजात राग नव्हता. “पानी टाकून इझवली व्हती.”

“मंग पंचनाम्यात काय खोटं लिवलं?”

पंचनाम्यात तिची चूल होती. ओढ्यापलीकडची त्यांची वस्ती तिच्या चुलीतल्या ठिणगीनं पेटली, असं त्या कागदावर लिहिलेलं होतं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. त्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडाभर पेटलं होतं. आमच्या घरातल्या कुणी ते विद्यापीठ पाहिलेलंही नव्हतं. आगीत तिच्या सासूला बाहेर काढता आलं नाही. नवऱ्यानं तिला टाकलं. वस्तीतल्या सगळ्यांचा त्या कागदावर विश्वास होता असं नाही, पण पाहिलंय म्हणणारं कुणी पुढं आलं नाही. घरं पुन्हा उभी राहिली, तरी तिच्या चुलीतला विस्तव मागायला कुणी येत नसे.

पावसानं ओढ दिली होती, वस्तीतल्या घरांचे पऱ्हाट्यांचे कूड वाळून खडखडीत झाले होते. त्या संध्याकाळी मी आमच्या घरावरच्या माळवदावर होते. काका आणि आणखी दोघं ओढा ओलांडून गेले. काकांच्या हातात आमच्याच स्वयंपाकघरातला रॉकेलचा डबा होता. त्यांनी तो कुडावर ओतला आणि काडी ओढली. लांबून ते शेतातला पाचोळा पेटवल्यासारखं दिसलं, तितकंच साधं. मी खाली येऊन आईला सांगितलं, काकांनी जाळलं. आईनं मला मारलं नाही. समोर बसवून माझे केस विंचरले, घट्ट वेण्या घातल्या आणि म्हणाली, “जळालं म्हनायचं.” पंधरा दिवसांत मला हैदराबादला, इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात पोचवण्यात आलं. मला इंग्रजी आलं ते असं. मोटरीचं तरी मी चुकून म्हणाले होते का, याची मला खात्री नाही.

पडद्यावर खरखर चालू होती. काका सुपारी कातरत होते. अडकित्त्याचा आवाज सारखा येत होता.

“अक्का,” उंबऱ्याबाहेरची बाई मला म्हणाली, “बराबर सांगा. ती बाई आपल्या आपन जळालं म्हनली का?”

“सांगितलं की तिनं येकदा,” काकू म्हणाली.

“तुमास्नी न्हाई, अक्काला इचारायले.”

माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. भीती वाटली असं इथं लिहायला हवं, पण ती वाटली नाही. पाय आपला नाही असं वाटत होतं, एवढंच.

“नाही,” मी म्हणाले. “त्यांनी जाळलं, म्हणाली.”

“झालं! आली पुन्हा मोटर!” चुलतबहीण हसत सुटली. काकूही हसली.

अडकित्ता थांबला. “मॅडम,” काका म्हणाले, “जळालं म्हनावं.”

मी पडद्याकडे पाठ केली आणि उंबऱ्याकडे तोंड करून बसले. ती माझ्या आईच्या वयाची होती. आमच्या घरातलं लहान पोरही तिला नावानं, एकेरीत हाक मारायचं. मीही मारलेली होती. तिनं चौकटीवरचा हात काढला नाही.

“मावशी,” मी म्हणाले, “तुमची चूल विझलेलीच होती. काकांनी जाळलं. मी माळवदावरून बघितलं.”