रोजचा एक हसरा फोटो

नवरा लढाईवर गेलाय आणि हिला नटायचं सुचतंय, असं मी आमच्या शेजारणीबद्दल अंगणात मोठ्याने बोललो. ती माझी चूक.

तिचा नवरा नौदलात. लढाई सुरू झाल्यापासून जहाजावरचा त्याचा फोन बंद होता. ही मात्र रोज संध्याकाळी ठेवणीतली साडी नेसून गच्चीवर मोबाइलसमोर हसायची, कधी जीभही काढून दाखवायची.

एकदा ती अंगात ताप असताना गजरा माळून आमच्या दारात आली.

“काका, हात थरथरून राह्यला. जल्दी एक फोटो काढा.”

“तापात कशाला, पोरी?”

“ह्यांचा फोन लागला की सगळे एकदम पाठवणार. माझा एक बी दिवस त्यांचा बघायचा राहायला नको. अन् रडका फोटो तर बिलकुल न्हाई.”

“सगळे हसरे?”

“एक सोडून. तुम्ही अंगणात बोलले त्या दिवशीचा. बघा, तुमच्या घराकडं कसे डोळे वटारलेत.”

एवढं बोलून ती खळखळून हसली. तेवढ्यात मी फोटो काढला आणि मोबाइल परत देताना म्हणालो, “चुकलो, पोरी. जावईबापूंनाही कळव, काका चुकले म्हणून.”