एका पेरूपायी

माधव नगरच्या शाळेत मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण 'क्लीव्ह' हे क्रियापद आलं की फळ्याकडे तोंड करूनच समजावायचे. त्याचे अर्थ दोन आणि तेही उलटे, दुभंगणं आणि घट्ट चिकटून राहणं. जुन्या इंग्रजीत ही दोन निराळी क्रियापदं होती. बोलून बोलून उच्चार झिजले आणि दोन्ही एकच होऊन बसली. दुभंगणाऱ्यातून 'क्लेफ्ट' आला. तो शब्द माझ्या लहानपणीच्या ऑपरेशनच्या कागदावर आहे आणि टाक्यांची खूण वरच्या ओठावर.

आईनं ग्रहणात काहीतरी चिरलं म्हणून मी फाटक्या ओठाची जन्मले, असं आमच्या घरात सगळे धरून चालत. आत्या तर येईल त्या पाहुण्याला सांगायची, "पोटुशी बाई, आणि ग्रहणात चाकू धरला हिने. और क्या होणार!" आई मान खाली घालून चहा गाळत राही. चौदाव्या वर्षी वर्गातल्या मुली हसल्या, तेव्हा मीही घरी येऊन ओरडले, "तूच चिरलंस मला!" तेव्हापासून प्रत्येक ग्रहणात आई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. सुटल्यावर गल्लीतल्या बायका क्षिप्रेवर न्हायला बोलवायच्या, तरी उठायची नाही.

ओठ पोटात दुसऱ्या महिन्यातच जुळतो, हे मी कॉलेजात असताना वाचलं. आईला सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, मला कुणावर तरी राग धरायला हवा होता.

गेल्या वर्षी ती दवाखान्यात शेवटच्या दुखण्यात होती. एका दुपारी तिनं माझं मनगट धरलं ते सोडेचना.

"बेटा, एक जाम चिरला होता गं." आमच्याकडे पेरूला जामच म्हणतात. "सकाळपासून उपाशी होते. सातवा लागला होता, भूक बरदाश्त नाही झाली."

मला रडूच फुटलं. एका पेरूसाठी उभा जन्म!

"आई, सातव्यात काही होत नाही. ओठ त्याच्या कितीतरी आधी फाटलेला होता. तू काहीच केलं नाहीस."

ती माझ्या ओठाकडे बघत राहिली.

"तुला कधी मालूम पडलं?"

आता तरी तिच्याशी खरं बोलावं असं वाटलं.

"कॉलेजात होते तेव्हा."

तिनं माझं मनगट सोडलं.